बसायची काडी

अल खौद, जून २००३

प्रिय मॅक्सिम,

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मिस्सा आटोपून आपण वसईला माझ्या आईच्या ओट्यावर चहा पीत होतो, आठवतं? जास्वंदीवर एवढासा काळानिळा पक्षी आला आणि तू ओरडलास, "हमिंगबर्ड!" मी म्हटलं, "तो अमेरिकेत. हा शिंजीर. सिस्टर ॲग्नेसनी शिकवलंय, हमिंगबर्ड हवेत थांबून पितो, ह्याला टेकायला फांदी लागते." तू हात जोडलेस, "बरं, टीचरबाई." आत आई हसली.

म्हणजे तुला माहीत होतं. राग त्याचाच येतो.

इथे आखातात आल्यावर मागच्या अंगणात साखरपाण्याची बाटली मी टांगली, तिच्या तोंडाशी बसायची काडीही मीच बांधली. शिंजीर यायचा, काडीवर बसून पोटभर प्यायचा आणि बोगनवेलीत शिरायचा. ह्या अंगणात माहेरचं म्हणावं असं मला तेवढंच होतं. मग तू कॅमेरा आणलास. रोलमागून रोल धुवून आले, सगळ्यांत पक्षी बसलेला. "उडताना हवाय, रेजिना! पंख पसरलेले!" एका शुक्रवारी मी कपडे वाळत घालायला गेले, तर काडी मोडून कचऱ्याच्या डब्यात. मे महिन्याचं ऊन, आणि तो जीव बाटलीपाशी फडफडत घोटभर घेई, भिंतीवर जाऊन चोच वासून धापा टाकी, तहानेनं परत येई. तू कॅमेऱ्याआडून म्हणत होतास, "यल्ला, आणखी एकदा!" मी काडी बांधायला पुढे झाले तर म्हणालास, "थांब ना गं. त्याला काय होतंय?"

फोटो सुंदर आलाय, मॅक्सिम. खोटं कशाला बोलू? तुझ्या ऑफिसातला गॅव्हिन जेवायला आला तेव्हा त्याच्यापुढून हलेना. "काय पकडलंयस, बॉस!" आणि तू खुशीत येऊन त्याला सांगितलंस, "आता आणखी काढीन. इथलं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढवून घेतलं. सही झाली, खलास." मी मटणाचं भांडं धरून दारात उभी होते. मला ते असं कळलं, पाहुण्याबरोबर.

जूनमध्ये कायमचे घरी, असं तूच नाताळात म्हणालास. तुझ्या शब्दावर मी इथल्या शाळेतली नोकरी सोडली, पोरांनी रडून निरोप दिला. त्याआधीही दोनदा तू असंच म्हणाला होतास, दोनदा मी पडदे उतरवून परत लावले. गॅव्हिन गेल्यावर मी विचारलं, तर टीव्हीवरची नजरही न काढता म्हणालास, "दोन वर्षं अशी जातील. तुला काय होतंय?"

तू ऑफिसातून येऊन हे वाचशील तेव्हा माझं विमान सुटलेलं असेल. तिकडे विमानतळावर माझा भाऊ लेस्टर न्यायला येणार आहे. फ्रेम केलेला फोटो गॅव्हिनला दे, त्याला आवडलाय. शिलाई मशीन माझ्या शाळेतल्या सुचित्राचं, ती शुक्रवारी नेईल. बोंबलाचं लोणचं फ्रिजमध्ये आहे, ते तुझं. बाटली मी शेजारच्या शकीलाकडे दिलीय, नवी काडी बांधून. मागायला जाऊ नकोस, ती देणार नाही. आईच्या ओट्यावर दोन खुर्च्या आहेत. एक माझी. दुसरी तुझी होती. ती दोन वर्षं रिकामी ठेवीन असा शब्द मी देत नाही. आपल्याकडे माणसं येतात, बसतात.

तुझीच, पण वसईची,
रेजिना