खुर्ची मागायला जाऊ नकोस

अव्वा,

दाराशी माझे जुने बूट आहेत. उजव्याचा तळ बाहेरच्या कडेला जास्त झिजलाय. वर्गात उभं राहून बूट असा झिजत नाही. तू रोज माझ्या गुडघ्याला तेल चोळतेस आणि म्हणतेस, "एवढं मोठं कॉलेज, अन् मास्तरणीला बसायला एक खुर्ची न्हाय व्हय?" खुर्ची आहे, अव्वा. गुडघा पळून दुखतो. पहाटे मी योगाला नाही, मैदानावर जाते. तेव्हा खुर्चीसाठी आज प्राचार्यांशी भांडायला जायचं ठरवलंयस, तशी जाऊ नकोस.

मी पुण्याला निघालेय. प्रादेशिक सेनेची लेखी परीक्षा पास झाले, उद्या मुलाखत! बेचाळिशीपर्यंत घेतात, मी एकोणचाळीसची. नोकरी सुटणार नाही, वर्षातले काही आठवडे वर्दी घालायची. काल धावण्याच्या चाचणीचं सगळं अंतर न थांबता पळाले, अजून हसू आवरत नाहीये.

आमटी केलीय, भाकरी तेवढी टाक. प्रेशरची गोळी विसरू नकोस.

एवढं लिहून तुझ्या उशाशी आले. तू झोपेत होतीस, तरी वर्षभर तुझ्यापासून लपवलेलं मोठ्यानं बोलून टाकलं: "अव्वा, मी फौजेत जाणार."

डोळे न उघडता तू म्हणालीस, "तेलाची बाटली घेऊन जा की."

घेतलीय.

तुझी लेक, सिद्धेश्वरी