बारा दिवसांचं पाणी

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज घरात चौथा कॅन आला. गाडी अजून कोपऱ्यापर्यंतही गेलेली नाही, पण कॅन चार!

नवऱ्याने जुनी व्हॅन घेतली, मागे दोघांना झोपता येईल अशी फळी ठोकून घेतली, आणि २९ तारखेला निघायचं ठरवलं. बारा दिवस. जिथे हॉटेल नाही, पंप नाही, नळ नाही अशा ठिकाणी. तो आणि मी! लग्नाला चौदा वर्षं झाली. त्यात सासऱ्यांशिवाय घालवलेले दिवस मोजायला एका हाताची बोटं पुरतात. बारा दिवस कोणी 'सूनबाई' अशी हाक मारणार नाही — या एका विचारावर मी सध्या तग धरून आहे.

अडचण एवढीच की दादांना, म्हणजे सासऱ्यांना, ते येणार नाहीत हे अजून कोणी सांगितलेलं नाही. त्यांना नणंदेकडे ठेवायचं ठरलंय. ठरवलं कोणी? आम्ही दोघांनी, दार लावून. नवरा म्हणतो, "तू सांग, ते तुझं ऐकतात." माझं! वडील कोणाचे, आणि धीट व्हायचं कोणी.

५ नोव्हेंबर

दादा चौतीस वर्षं तेलाच्या डेपोत स्टोअरकीपर होते. पेट्रोल असो, डिझेल असो, रॉकेल असो, त्यांच्या तोंडी सगळं 'तेल'च. एवढा माणूस घरात असताना नवऱ्याने कॅन निवडले मोबाइलवर व्हिडिओ बघून. आज दादांनी चारही कॅन जेवणाच्या टेबलावर मांडले आणि एकेकाला नापास केलं.

पहिला: "झाकणाला रबर नाही. शोभेला ठेवा."

दुसरा: "ही तोटी खालून बाहेर आलीय. पहिल्या खड्ड्यात मोडेल, आणि सगळं पाणी गाडी पिईल."

तिसरा पाण्याचा की तेलाचा हे दुकानदारालाही माहीत नव्हतं म्हणे. दादांनी तो दोन बोटांनी उचलून जिन्याखाली नेऊन ठेवला.

चौथ्याला फक्त हसले. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मी बघितला, पोटभर.

८ नोव्हेंबर, शनिवार

स्वयंपाकघराच्या ओट्यावर सहा पेले. बुधवारीच दादांनी दुकानातून सहा नवे कॅन आणले होते, प्रत्येक पेल्यात त्यातल्या एकेका कॅनमध्ये तीन दिवस ठेवलेलं पाणी. दादा घोट घेतात, डोळे मिटतात, मान हलवतात. "हे प्लास्टिक." "हे पण प्लास्टिक." "हे गोदामात पडलेलं प्लास्टिक." मलाही चव घ्यायला लावली. मी म्हटलं, मला सगळं पाण्यासारखंच लागतंय. तर म्हणाले, "दिवसभर कवळ्या करतेस, तोंडाचं एवढं तरी कळायला हवं!"

मी कवळ्या बनवते, त्या चाखत नाही, हे त्यांना कोण सांगणार. आमच्याकडे सांगण्याच्या कामाला माणूस मिळत नाही.

९ नोव्हेंबर

आज सुट्टी. म्हणजे माझी परेड. भरलेला वीस लिटरचा कॅन फाटकापासून ओट्यापर्यंत न्यायचा. दोनदा टेकवला. मग पंधराचा. मग दहाचा. दादा खुर्ची टाकून बसले होते आणि हातात वही! नवरा आत आरामात दाढी करत होता. मी विचारलं, यालाही उचलायला लावा की. "तो उचलेल. प्रश्न तुझा आहे." शेवटी निळे, दहा लिटरचे, रुंद मुठीचे पास झाले. पाण्याला निळे, तेलाला पिवळा पत्र्याचा. मला कंबरदुखी मिळाली, ती वेगळी.

१२ नोव्हेंबर

सांगितलं? नाही. नवऱ्याला विचारलं तर त्याला एकदम टायरमधली हवा बघायची आठवण झाली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस कुठेतरी कोरून ठेवायला हवा.

डेपोची पद्धत अशी की नव्या डब्यावर लगेच भरवसा टाकायचा नाही. आधी पाणी भरून एक अख्खा दिवस वर्तमानपत्रावर आडवा ठेवायचा. कागद कोरडा राहिला तर डबा पास, मग ओतून उन्हात खडखडीत वाळवायचा. तर दादांनी काल पिवळ्या डब्यात पाणी भरून ठेवलं होतं आणि त्याला कागद चिकटवला होता. वर मोठ्ठ्या अक्षरात 'तेल'. खाली बारीक अक्षरात 'परीक्षा चालू'.

आमचे हे सकाळी उठले. गाडी जरा फिरवून आणू म्हणाले. काटा खाली होता. 'तेल' एवढंच वाचलं, नरसाळं लावलं, आणि अख्खे दहा लिटर पाणी डिझेलच्या टाकीत!

वास आला नाही, हेही लक्षात आलं नाही? "सर्दी झालीय."

हा माणूस विमा कंपनीत लोकांचे अपघात तपासतो. लोकांना विचारतो, तुमचं लक्ष कुठे होतं?

गाडी फाटकाबाहेर गेली, दोनदा खोकली आणि रस्त्यात बसली. शेजाऱ्यांनी ढकलायला मदत केली. ढकलता ढकलता एकाने विचारलं, "कुठे दूर निघालात वाटतं?"

१७ नोव्हेंबर

गाडी गॅरेजमध्ये. मेकॅनिकने टाकीत वाकून बघितलं आणि विचारलं, "हिला पाणी कोणी पाजलं?" आम्ही दोघांनी आकाशाकडे बघितलं. टाकी उतरवायची, सगळं साफ करायचं, फिल्टर नवा. किती दिवस? "बघू." मेकॅनिकचं 'बघू' म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझे बारा दिवस!

दादा मुलावर ओरडले नाहीत. म्हणाले, "चूक माझी. कामाच्या लेबलावर दोन ओळी लिहायच्या नसतात."

२० नोव्हेंबर

दादा रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन गॅरेजमध्ये जातात. तिथे स्टूल टाकून बसतात, संध्याकाळी मेकॅनिकबरोबरच उठतात. मेकॅनिकने आज नवऱ्याला फोन केला. "साहेब, त्यांना घेऊन जा, गाडी परवा देतो!" मी दादांना म्हटलं, कशाला एवढा त्रास घेता? तर म्हणाले, "गाडी २९ ला निघालीच पाहिजे."

किती आस लागलीय त्यांना! मला घास उतरेना. चांगल्या माणसाने असं वागावं का? पण मग ते म्हणाले, आज भाजीत मीठ नाही. घास उतरला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गाडी आली. पंपावर पिवळा डबा भरायला तिघेही गेलो. नवरा डबा गाडीतच ठेवून भरून घेणार होता. दादांनी त्याला असं काही हटकलं की रांगेतल्या तीन गाड्या दचकल्या. डबा जमिनीवर ठेवूनच भरायचा, ठिणगी उडते म्हणे. आणि काठोकाठ नाही, वर चार बोटं रिकामी. त्या जागेला डेपोत 'श्वास' म्हणायचे. "उन्हात तेल फुगतं. जागा नसेल तर डबा फुटतो. चांगला असला तरी फुटतो."

मला वाटलं, चौदा वर्षांत या घरात कोणी कोणाला चार बोटं जागा ठेवलीय? मग गाडीत बसले. पंपावर मागचे हॉर्न वाजवत होते.

२५ नोव्हेंबर

आज सांगायचंच असं ठरवून दोघेही दादांच्या खोलीत गेलो. नवऱ्याने खाकरून सुरुवात केली, "दादा, २९ ला आम्ही..." आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चहा घेणार का?" दादा म्हणाले, घेईन.

शूरवीरांचं घर आहे आमचं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुपारच्या सुट्टीत लिहितेय. समोर साच्यात कोणाचे तरी बत्तीस दात, आणि माझ्याच तोंडाला कुलूप.

सकाळी दादा अंघोळीला गेले होते. त्यांची वही टेबलावर उघडी होती. मी बघायला नको होती. बघितली.

'पाणी. माणसे २. माणशी रोज ५ लिटर. दर तीन दिवसांनी गाव लागेल. ३० लिटर. दहाचे तीन. सूनबाईला उचलतील का, बघणे.'

माणसे दोन!

वर तारीख होती ३ नोव्हेंबर. म्हणजे चवीचे पेले, परेड, गॅरेजमधलं स्टूल, या सगळ्याच्या आधीपासून त्यांना माहीत होतं. आम्ही दार लावून ठरवलं, आणि त्यांनी बाहेर बसून आमच्यासाठी पाणी मोजलं. आम्ही महिनाभर त्यांच्यासमोर नाटक केलं आणि ते आम्हाला चहा घेईन म्हणाले.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. भाजीतलं मीठ, वही, खुर्ची, सगळ्यावर तोंडसुख घेतलं मी इथे. मागची पानं वाचवेनात.

२७ नोव्हेंबर

नवऱ्याला वही सांगितली. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग मीच म्हटलं, घेऊन जाऊ त्यांना. फळीवर ते आणि तू झोपा, मी पुढच्या सीटवर. (हे मी म्हणाले! मीच!) दुपारी दुकानातून तसेच दोन निळे कॅन आणले. झाकणाचं रबर तपासलं, तोटी नाही हे बघितलं. दुकानदार म्हणाला, "तुम्ही डेपोत कामाला का?" नणंदेला फोन करून कळवलं, येणार नाहीत. तिने सुटकेचा निःश्वास अगदी लपवायचा प्रयत्न केला.

माझे ते बारा दिवस गेले. जाऊ देत. मन मात्र हलकं झालं, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच कॅन दादांसमोर ठेवले. म्हटलं, तिघांचं पाणी. तुम्हीही चला.

ते एवढे घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते.

"मी? कशाला? आणि ताईकडेही पाठवू नका. चौदा वर्षांत या घरात एक दिवस एकटा राहिलो नाही मी! कॅन गळला, गाडी अडली, आणि चौथ्या दिवशी परत दारात उभे राहिलात तर? म्हणून तर महिनाभर जीव काढला." मग त्यांनी जास्तीचे दोन कॅन स्वतः उचलून जिन्याखाली ठेवले, आणि वळून म्हणाले, "आणि सूनबाई, रोज फोन करू नका."