देवाच्या रानाला वळसा

१२ फेब्रुवारी २०२४

झालं एकदाचं! आमच्या वडपाड्याची वेगळी ग्रामपंचायत होणार. इतकी वर्षं आम्ही मोठ्या गावाचं शेपूट. नळ त्यांच्याकडे, रस्ता त्यांच्याकडे, आमच्याकडे फक्त मतं मागायला जीप. ठराव मी मांडला, कारण सदस्य मी. पण हट्ट जानी आत्याचा, बाबांच्या बहिणीचा. भर सभेत म्हणाली, "आदी ठाणा होता, मंग पालघर झाला. जिल्हा बदलला, पन माझी घागर काय डोक्यावरून उतरली नाय." डहाणूहून आलेले मोजणीचे साहेबसुद्धा हसले.

२० फेब्रुवारी

नव्या गावाची शीव दाखवायची होती. पुढे शुक्रा भगत, मागे मोजणीचं मशीन घेऊन साहेब, त्यांच्यामागे मी – मिरवत! ओहोळापासून टेकडीपर्यंत चाललो. मध्ये वाघदेवाचं रान. त्यातून आरपार कोणी जात नाही. चपला काढायच्या, देव उजव्या हाताला ठेवायचा आणि अलीकडून वळसा घालायचा. लहानपणापासून पाय आपोआप वळतात. रानाला लागूनच आत्याची वस्ती आहे, तिच्या अंगणासमोरून गेलो. तिने सगळ्यांना पाणी दिलं. छान दिवस गेला.

६ मार्च

नकाशा लागला. आत्याची वस्ती मोठ्या गावात!

वळसा घेतला तीच शीव धरली गेली. रान पलीकडे, रानाला टेकलेली घरं पलीकडे. आत्या पलीकडे! आम्ही एवढे जण चाललो, एकालाही सुचलं नाही की शीव रानाच्या आतून जाते हे साहेबांना सांगावं. ते सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

७ मार्च

आत्या विचारते, "मंग मी आता कोनाची?" काय सांगू!

१९ मार्च

डहाणूला जाऊन साहेबांना भेटले. माणूस चांगला आहे, ओरडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "संगीताताई, तुम्ही चाललात तशी रेघ आली. दुरुस्ती होईल. पण वस्तीतल्या जुन्या माणसाने खरी शीव चालून दाखवायला हवी. सरळ, रानातून." पलीकडून फिरून चालणार नाही, ती जमीन मोठ्या गावाची.

आत्यासाठी चिकू घेतले. तिच्या घरापर्यंत जायला मात्र पाय उचलला नाही.

२४ मार्च

सभा झाली. कोणी तयार नाही. वस्तीतले दशरथकाका म्हणाले, "आपून देवाला आडवं गेलो काय कदी? पोरांना काय झालं तर?" मी चिडले. कागदावरची रेघ ती, देव कशाला रागवेल? काका शांतपणे म्हणाले, "तू जाशील?"

मी गप्प बसले. शिकलेली, सदस्य, भाषणं ठोकणारी मी – गप्प! वस्तीत मी राहत नाही हे खरं, माझं चालणं कामाचं नव्हतं हेही खरं. पण मी त्या कारणाने गप्प बसले नव्हते.

शेवटी आत्याच उठली. "नको. कोनी जायचा नाय. मी राहतंय तिकडंच. नळाबिगर एवढी जगली ना!"

मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की लाज वाटली.

२ एप्रिल

पाइप आले. आत्याच्या अंगणाच्या अलीकडे चर थांबला. ती उंबऱ्यात बसून बघत होती, मी मान खाली घालून निघून आले.

५ एप्रिल

सोमवारी साहेब दुरुस्तीसाठी शेवटचे येणार. निरोप सगळ्यांना दिला. ऐकून जो तो आपल्या कामाला गेला. ही वेगळी पंचायत मागितलीच नसती तर बरं झालं असतं. निदान सगळे एकत्र तहानलेले तरी राहिलो असतो.

८ एप्रिल

साहेब वाट बघून निघाले होते. तेवढ्यात आत्याने पदर खोचला आणि ओहोळाकडून सरळ रानात शिरली. साहेब मशीन घेऊन मागे धावले. आम्ही बाहेरून वळसा घालून टेकडीपाशी गेलो. आत्या बाहेर आली तेव्हा रडत होती. मी धरायला पुढे झाले.

"शिवू नको मला," म्हणाली. "आता मी तुमची झाली. देवाची नाय रायली."

मग सगळ्यांनी पंचनाम्यावर सह्या केल्या. मीही केली.