ग्लायडर उडालं का, याचं उत्तर

कर्वेनगर, पुणे
सोमवार

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. आपला खोकला कमी असेल आणि आईंचा रक्तदाब आपल्यामुळे वाढत नसेल, अशी आशा. उत्कर्षा मजेत आहे. ग्लायडर उडालं का, असं आपण कालपासून फोनवर पाच वेळा विचारलंत. पाचही वेळा मी नेटवर्क गेल्यासारखं केलं. पत्रात ती सोय नाही, म्हणून सगळं लिहितो.

नागपुरात टेकडी आहे ती गणपतीची, तिथून विमान सोडता येत नाही. म्हणून आठ महिने घासून-चिकटवून केलेलं ग्लायडर आपण पुण्यातल्या जावयावर सोपवलंत. काल सकाळी सहाला मी ते घेऊन आमच्या रिमोटवरची विमानं उडवणाऱ्या क्लबबरोबर इथल्या टेकडीवर गेलो. (क्लबात माणसं अकरा, पैकी पदाधिकारी नऊ.) ग्लायडरला मोटर नसते. वारा उताराला धडकून वर चढतो, त्यावर ते तरंगतं. साडेसहाला वारा उत्तम होता. तेव्हा अध्यक्ष श्यामसुंदरराव उड्डाणापूर्वीच्या तपासणीचं महत्त्व सांगत होते. रिमोटची दांडी उजवीकडे दाबली की विमान उजवीकडेच वळणार ना, हे जमिनीवर पाहून घ्यावं, एवढंच. चाळीस मिनिटं लागली. वारा जाईल म्हणून मग कोणी तपासणी केली नाही. रिमोट क्लबचा. त्यात प्रत्येक विमानाचं वेगळं सेटिंग असतं. मी लावलं श्यामसुंदररावांच्या विमानाचं, ज्यात डावं-उजवं उलट आहे. (भाषण लक्ष देऊन ऐकणारा मी एकटाच होतो, हेही नोंदवतो.)

ग्लायडर सोडलं. ते डावीकडे निघालं.

"अहो, उजवीकडे घ्या!" अध्यक्ष ओरडले.

"उजवीकडेच घेतोय."

"मग ते डावीकडे का जातंय?"

"तेच आपण मघाशी समजावत होतात."

मी घाबरून हात काढून घेतले. आणि बाबा, ते आपलं आपण सरळ झालं. अकरा मिनिटं वर होतं. एक घार त्याच्याशेजारी फिरून गेली. नऊ पदाधिकारी एकाच वेळी गप्प होते. हे क्लबात पहिल्यांदाच घडलं. रतन म्हणून एक सभासद आहेत, त्यांनी हळूच विचारलं, "कोण उडवतंय?" मी म्हटलं, "कोणीच नाही." ते म्हणाले, "वाटलंच."

मग वारा पडला आणि ग्लायडर पायथ्याच्या एका सोसायटीच्या गच्चीवर उतरलं. जाळीच्या दारातून पाहिलं, एक ओरखडाही नाही. पण सेक्रेटरी दत्तप्रसाद कुलूप काढेनात. गच्चीवर सामान ठेवायला मनाई आहे, म्हणाले. मी म्हटलं, ठेवलं नाही, उतरलंय. "परवानगी घेऊन उतरलं का?" पंखावर आपण सुबक अक्षरात आपलं नाव आणि 'नागपूर' लिहिलं आहे, ते त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"सीताराम आपण?"

"मी त्यांचा जावई."

"असं कोणीही सांगेल."

तेव्हा, उडालं. फार छान उडालं.

आपला,
योगेश

ता. क. मालकाच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत दिल्याशिवाय ग्लायडर मिळणार नाही. येत्या रविवारी गच्ची साफ करतात. जे सापडेल ते भंगारात जातं.

ता. क. दुसरा. उत्कर्षा म्हणते, सही कशाला मागवतोस, बाबांनाच बोलाव. मी टाळत होतो. आपण आलात की रिमोट आपण घेणार, आणि आठ महिन्यांचं काम मला उडवता आलं नाही हे सगळ्या टेकडीला दिसणार. तरी या. शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे, खालचा बर्थ.