चिमटा कोणाच्या हाती

३ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा अर्धी वाटी भात तसाच!

जूनमध्ये ह्यांचं दोन-तृतीयांश जठर कापून काढलं. जखम भरली, पण भूक परत आली नाही. डॉक्टर आज स्पष्टच बोलले — वजन ४७.६. महिनाअखेर अठ्ठेचाळीसच्या वर गेलं नाही तर दवाखान्यात ठेवून नळीने अन्न द्यावं लागेल. हे, कात्सुहिको, खिडकीबाहेर बघत बसले होते. जणू दुसऱ्याच कुणाच्या पोटाबद्दल चाललं होतं!

घरी येऊन तक्ता केला. दिवसातून सहा वेळा खाणं, प्रत्येक घास तीस वेळा चावणं. भिंतीवर लावला.

"बाई, तुमची शाळा सुटून पंधरा वर्षं झाली ना?" — हे.

७ ऑक्टोबर, सोमवार

तक्ता पाळला. मी.

८ ऑक्टोबर, मंगळवार

"अहो, निदान काय खावंसं वाटतं ते तरी सांगा!" चार महिन्यांत पहिल्यांदा उत्तर आलं — "याकिनिकू. समोर जाळीवर भाजलेलं मांस."

डॉक्टरांना फोन केला. नीट चावून खाल्लं तर चालेल.

स्टेशनामागच्या दुकानात साडेअकराला पोचलो. दुपारचं ताट अकराशे येन — तीन प्रकारचं मांस, सूप, किमचीचं तिखट लोणचं, कोबी आणि भात हवा तितका. संध्याकाळी ह्याच मांसाला तिप्पट मोजावे लागतात. एवढ्या स्वस्तात काहीतरी गोम असणार म्हणून एकेक तुकडा निरखला. गोम नाही. बरगडीचं मांस तर जिभेवर विरघळलं. मान्य!

टेबलातच निखारे आणि जाळी, भाजायचं आपणच. भाजलं अर्थात मी. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, चिमटा माझ्याच हातात असतो. कच्चं मांस चिमट्याने उचलायचं, खायच्या काड्यांनी नाही — एवढं साधं ह्यांच्या लक्षात राहत नाही. एक बाजू वीस सेकंद, मग दुसरी, मग ह्यांच्या ताटलीत.

हे चार तुकडे खाऊन थांबले. उरलेलं मी संपवलं. भातही दुसऱ्यांदा घेतला. ह्यांच्यासाठी गेलो आणि पोट भरलं माझं!

१५ ऑक्टोबर, मंगळवार

परत तिथेच. पहिला तुकडा ताटलीत ठेवल्याबरोबर हे म्हणाले, "मला थोडं करपलेलं आवडतं."

"करपलेलं पोटाला वाईट."

"सेहेचाळीस वर्षं आवडतं."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुझ्या हातात चिमटा होता!"

आणि ह्यांनी काड्या खाली ठेवल्या. मांस जाळीवर आक्रसत होतं.

दुकानाची मालकीण मिनेको सगळं ऐकत होती. साठीची, तोंडाने फटकळ. "मास्तरीणबाई, जेवण चाललंय की तोंडी परीक्षा? द्या तो चिमटा, जाळी बदलायचीय." जुनी जाळी उचलली, नवी ठेवली. आणि चिमटा ह्यांच्या हातात दिला! मुद्दाम. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ह्यांनी सगळे तुकडे एकदम टाकले. चरबी निखाऱ्यांवर गळली, हातभर ज्वाळ. मी उठलेच! "बसा हो," मिनेको म्हणाली आणि पाण्याच्या पेल्यातला बर्फाचा खडा जाळीवर टाकला. चर्रर्र! धुरात हे खोकत होते. नाही — हसत होते.

माझ्या ताटलीत एक तुकडा आला. शुद्ध कोळसा.

"कसा झालाय?"

"खाण्यासारखा," मी म्हटलं. खाल्लाही.

ह्यांनी अकरा तुकडे खाल्ले. मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण मोजले. मग मान वर न करता वाटी पुढे केली — "मिनेको-सान, अर्धी वाटी भात अजून." मी सूप पिण्यात गुंतले आहे असं दाखवलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सगळ्या कपड्यांना धुराचा वास. दोनदा धुतले. तक्ता भिंतीवरून काढला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दुकानात मी हात मांडीखाली दाबून बसले. अवघड गेलं. मात्र ताटातली बैलाची जीभ त्यांनी सुरेख भाजली. माझ्याहून बरी — हे त्यांना सांगितलेलं नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

४८.९! नळी नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय बदललं? हे म्हणाले, "स्वयंपाकी."

६ नोव्हेंबर, बुधवार

वाचनालयातून साडेबाराला आले तर घर रिकामं. टेबलावर चिठ्ठी — "जेवायला जातो. एकटाच. वाट बघू नकोस."

मी नसतानाही जेवतात!