उत्तरेच्या भिंतीलगत

अपर वेलबी,
११ मे १९७४

प्रिय बेरिल,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. टोरांटोला सुखरूप पोचलीस, पोरं मजेत आहेत, बरं वाटलं. माझा गुडघा सोडला तर इथे सगळं ठीक. वाटाणे वर आलेत. पाद्रीसाहेबांचा खोकला काही हटत नाही.

तू गेल्यापासून गावाला दुसरा विषय नाही. बेकरीतली डोरा म्हणते, "बहीण सातासमुद्रापलीकडून येऊन पणजी शोधते, आणि तू गं बाई, इथं राहून काय केलंस?" काय केलं? चाळीस वर्षं चर्चच्या आवारातलं गवत कापलं. आई नऊ वर्षं अंथरुणात होती, तिचं सगळं केलं. ती मात्र टपालवाला दिसला की विचारायची, "बेरिलचं आलंय का काही?" माझ्या हातचा चहा तसाच निवायचा. हो, जळते मी तुझ्यावर. लहानपणापासून जळते.

म्हणूनच लिहायला बसले. तू पाठवलेली पितळी पाटी पुढच्या रविवारी त्या थडग्यावर बसणार आहे. बेरिल, ती केझाया मार्फ्लीट आपली नव्हे. ती गिरणीवाल्याची बायको, नाव तेवढं पणजीचंच. चर्चच्या वहीत तुला पणजीचं नाव सापडलं, पण पुरल्याची जागा लिहिलेली नव्हती. पाद्रीसाहेब म्हणाले, "एनिडला विचारा, तिला दगडन् दगड ठाऊक." तू त्या कोरीव दगडापुढे थांबून विचारलंस, "हीच ना गं?" मी म्हटलं, "हीच." तू दगडाला मिठी मारून रडलीस, तिथली माती डब्यात भरलीस, आणि अख्खं गाव डोळे पुसत होतं. आईला पुरलं तेव्हा तू आली नव्हतीस. माझ्यासाठी कुणी डोळे पुसले नाहीत.

आपली केझाया गोरगरिबांच्या आश्रमात वारली. उत्तरेच्या भिंतीलगत आहे, दगडाशिवाय. दरवर्षी आयांना फुलं देतात त्या मदरिंग संडेला आई मला एकटीला तिथे न्यायची, प्रिमरोजच्या फुलांची जुडी ठेवायची. म्हणायची, "तुला ठाऊक असू दे, एनिड." तिचा सगळा जीव तुझ्यात होता. माझ्या वाट्याला एवढंच आलं होतं. तेही तुला दाखवायचं माझ्या जिवावर आलं.

उद्या पाद्रीसाहेबांना सांगते. पाटी भिंतीपाशी लागेल. 'पणती बेरिलने शोधली' असं तू कोरून घेतलंयस. राहू दे तसंच.

डब्यातली माती टाकून दे. भिंतीलगतची, आपली, सोबत पुडीत घातलीय. चिमूटभरच आहे. जास्त देववली नाही.

तुझी, इथेच राहिलेली बहीण,
एनिड