खुंट्यासगट गेलेला लांब्या

तीर्थरूप आत्या,

पायांवर डोकं ठेवतो. (लांबून ठेवलंय, दुखऱ्या गुडघ्याला लागलं तर सांभाळून घे.) तुझी कंबर, तुझी म्हैस आणि तुझी जीभ ठीक असतील अशी आशा आहे. तिसरीबद्दलच लिहायला बसलोय.

मी हल्ली सोफे-खुर्च्या दुरुस्त करण्याच्या कारखान्यात आहे. (आधी बेकरीत होतो. तिथून का सुटलो ते विचारू नकोस, भट्टी आता पुन्हा चालू झालीय.) इथं लांब्या म्हणून कारागीर आहे. तो खुर्चीवर कापड ताणतो तेव्हा सुरकुती जवळ यायला घाबरते. मागच्या आठवड्यात मालकीणबाई त्याला सगळ्यांदेखत टाकून बोलल्या आणि तो तडक समोरच्या दुकानात कामाला लागला. जाताना बसायचं स्टूल काखेत मारून नेलं. ते त्यानं इथंच, इथल्याच काथ्यानं भरलं होतं. "स्टूलही चोरलं मेल्यानं," मालकीणबाई म्हणाल्या. तर माझ्या तोंडून तुझं वाक्य निसटलं, "खुंट्यासगट गेलंय ते."

मग अर्थ सांगणं आलं. दावं तोडून गेलेलं जनावर वेगळं. हे खुंटाच उपटून जातं. दावं गळ्यात, खुंटा मागं ठेचकाळत, धुळीत रेघ ओढत. कुठंही गेलं तरी आपला खुंटा त्याच्यासोबत. म्हणून त्याला शिव्या द्यायच्या नाहीत, मागं धावायचं नाही, त्याच रेघेनं ते आपसूक परत येतं. आत्या, दोन शब्दांत तू जाणाऱ्याचा राग, आपला लोभ आणि परतीची वाट एवढं कसं गं बांधलंस? (शाळेत मी होतो तेवढ्या दिवसांत हे कुणी शिकवलं नाही. होतो थोडेच, पण तरी.) मालकीणबाईंनी चोरीचा शब्द पुन्हा काढला नाही.

पण कारखान्यानं वाक्य पळवलं. बटण कापडासकट निघालं, खुंट्यासगट. शिवणाऱ्या काकांची दाढ मुळासकट काढली, खुंट्यासगट. दाढ परत येत नसते, हे मी सांगतोय, पण ऐकतंय कोण.

आणि काल लांब्या दारात आला. कातर राहिली म्हणाला. कातर त्याच्या खिशातच दिसत होती. अर्धा पाय आत होता, आणि मी आनंदानं ओरडलो, "हा बघा, खुंट्यासगट गेलेला आला." वर अर्थही सांगितला. "म्हणजे मी बैल?" म्हणाला आणि गेला. हे तोंडावर बोलायचं नसतं, गेलेल्याच्या मागंच बोलायचं, हे मला तेव्हा आठवलं. मालकीणबाई म्हणाल्या, "त्याला आण, नाहीतर तूही त्या रेघेवरून जा."

तर आत्या, परत आलेल्याला तू काय म्हणायचीस, ते लगेच कळव. नोकरीचा प्रश्न आहे.

तुझा पायाला भिंगरी लागलेला
भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, बरंच झालं. मला आठवलं, तू काहीच म्हणायची नाहीस. जुन्या भोकात खुंटा ठोकायचीस आणि आत जायचीस. मी लांब्याच्या जागेवर पसरलेला माझा पसारा उचलला. आज सकाळी तो स्टूल घेऊन आला, तिथंच टेकला. कुणी बोललं नाही. मालकीणबाईंनी चहा पुढं सरकवला. मीही गप्प होतो. (खरंच.)

ता. क. दुसरा. तुझ्याकडून निघताना काखेत मारलेली तुझी गोधडी अजून माझ्याच पाठीवर आहे, बेकरीत एका कोपऱ्याला जळलीय. मी निघालो त्या दिवशी माझ्या मागं तू काय म्हणालीस, ते विचारत नाही. फक्त माझी खाट तिथंच आहे की त्यावर पोती रचलीस, तेवढं कळव. आणि मी आलो तर काही बोलू नकोस.